मुलांचं टॅक्स क्रेडिट बसतं का बघायचं आयआरएसचं फुकट टूल : रिव्ह्यू, खास एचवन-एचफोर (अमेरिकेतला कामाचा व्हिसा आणि त्यावर आलेल्या कुटुंबाचा व्हिसा) घरांसाठी

पाचपैकी चार स्टार, आणि हे चार अगदी मनापासून देतेय. एक स्टार का कापला ते खाली येईलच, पण आधी हे सांगते की दर वर्षी फेब्रुवारी आला की आमच्या न्यू जर्सीतल्या एडिसनच्या मराठी ग्रुपवर तोच प्रश्न फिरतो, मुलाचं क्रेडिट, म्हणजे मुलामागे टॅक्समधून वजा होणारी रक्कम, मिळतं का, किती मिळतं, त्याला २००० मिळाले मग मला ५०० च का, आणि त्यावर दहा जण दहा उत्तरं देतात, त्यातली निम्मी २०१७ च्या आधीची असतात. या सगळ्यापेक्षा आयआरएसच्या (अमेरिकेच्या टॅक्स खात्याच्या) साइटवर जे इंटरॅक्टिव्ह टॅक्स असिस्टंट नावाचं टूल आहे ना, त्यात मुलांच्या क्रेडिटची वेगळी प्रश्नमालिका आहे, ती शांतपणे बसून भरा. लॉगिन नाही, नाव नाही, एसएसएन (सोशल सिक्युरिटी नंबर) टाकायचा नाही, बाहेर पडलात की तुम्ही भरलेलं पुसलं जातं, पैसे शून्य.

कसं चालतं ते सांगते. आधी कुठल्या वर्षाचं बघायचंय ते निवडायचं, मग तुमचं फायलिंग स्टेटस (रिटर्न एकट्याचं की नवराबायकोचं जॉइंट) वगैरे, आणि मग मुलाबद्दल एकेक प्रश्न येत जातो. नातं काय, ३१ डिसेंबरला वय किती, अर्ध्या वर्षापेक्षा जास्त तुमच्याकडे राहिलं का, स्वतःचा अर्ध्याहून जास्त खर्च ते स्वतःच करतं का, सिटिझन आहे की रेसिडेंट एलियन (टॅक्सच्या हिशोबाने इथला रहिवासी धरलेला परदेशी), नंबर कुठला आहे. एका वेळी एकाच मुलाचं बघता येतं, दोन मुलं असतील तर दोनदा करायचं, आणि सुरुवातीला हे कंटाळवाणं वाटतं खरं पण आमच्यासारख्या घरात तोच त्याचा सगळ्यात मोठा फायदा आहे, कारण आमच्या दोन मुलांची दोन वेगळी उत्तरं येतात आणि ग्रुपवर कोणीही हे धड वेगळं करून सांगत नाही.

आमचं उदाहरणच घ्या. थोरला पुण्यात जन्मला, एचफोरवर आला, त्यामुळे त्याला एसएसएन मिळत नाही, त्याच्याकडे आयटिन आहे, एसएसएन न मिळणाऱ्यांना आयआरएस टॅक्ससाठी देतं तो ९ ने सुरू होणारा नंबर. धाकटी इथेच जन्मली, हॉस्पिटलमध्ये बर्थ सर्टिफिकेटचा फॉर्म भरतानाच एसएसएनची विनंती केली आणि कार्ड पोस्टाने घरी आलं. दोघं एकाच घरात राहतात, एकाच ताटातलं भांडून खातात, पण टॅक्सच्या दृष्टीने धाकटीचं पूर्ण चाइल्ड टॅक्स क्रेडिट, म्हणजे २०२५ च्या रिटर्नवर २२०० डॉलर्सपर्यंत, आणि थोरल्याचं क्रेडिट फॉर अदर डिपेंडंट्स, म्हणजे ५०० डॉलर्स. टूलमध्ये थोरल्याचं भरताना सगळी उत्तरं बरोबर येत जातात, नातं बसतं, वय बसतं, राहणं बसतं, आणि मग नंबरचा प्रश्न येतो, काम करायला चालणारा एसएसएन आहे का आणि तो रिटर्नच्या मुदतीच्या आत मिळालाय का, तिथे नाही म्हटलं की निकाल मोठ्या क्रेडिटवरून पाचशेवाल्यावर येतो. हे बघितल्यावर कोणालाही वेगळं समजवायची गरज राहत नाही की मूल लहान आहे, आपण टॅक्स भरतो, मग का नाही, कारण अडतं कुठे ते समोर दिसतं.

हा एसएसएनचा नियम २०१८ पासूनचा आहे, २०१७ च्या टॅक्स कायद्याने आला, त्याआधी आयटिनवाल्या मुलांना पण हे क्रेडिट मिळायचं म्हणून जुने लोक अजून छातीठोकपणे सांगतात की मिळतं मिळतं. त्यांच्या वेळी मिळायचंच, खोटं नाही बोलत ते, पण तेव्हा रक्कमही १००० च होती. २०१८ ला २००० झाली, २०२१ ला एका वर्षापुरती सहा वर्षांखालच्यांना ३६०० आणि मोठ्यांना ३००० अशी वाढली, त्या वर्षी जुलैपासून दर महिन्याला आगाऊ पैसे यायचे, मग परत २००० वर आली, आणि आता जुलै २०२५ मध्ये सही झालेल्या कायद्याने २२०० केली. इतके बदल झाल्यावर ऐकीव माहितीवर कोण किती भरवसा ठेवणार. टूलमध्ये वर्ष निवडावं लागतं आणि उत्तर त्या वर्षाच्या नियमाने येतं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

२०२५ पासून अजून एक अट आलीय जी बऱ्याच जणांना माहीत नाही, आता नुसता मुलाचा एसएसएन पुरत नाही, आईवडिलांपैकी पण, जॉइंट रिटर्न असेल तर किमान एकाचा, काम करायला चालणारा एसएसएन लागतो. एचवनवाल्यांना काही फरक पडत नाही कारण त्यांच्याकडे असतोच, आणि बायको किंवा नवरा एचफोरवर आयटिन घेऊन असला तरी जॉइंटमध्ये चालून जातं.

आता ज्या कारणासाठी मी हे एवढं लिहायला बसलेय ते. आमच्या बिल्डिंगमधलं एक मराठी कुटुंब, २०२४ च्या सुरुवातीला आले, मुलगी सात वर्षांची, एचफोरवर. त्यांनी एका टॅक्सवाल्याकडे रिटर्न दिलं, नाव घेत नाही, त्याने फोनवर दोन वाक्यांत संपवलं, "मुलीला एसएसएन नाही ना? मग तिचं काही मिळणार नाही, तुमचं दोघांचं भरून टाकू." झालं, रिटर्न ई-फाइल झालं, फी घेतली. पुढच्या वर्षी त्या घरातल्या वहिनी आमच्याकडे चहाला आल्या तेव्हा सहज विषय निघाला, मी हे टूल लॅपटॉपवर उघडून त्यांच्यासमोर मुलीचं भरलं, आणि शेवटी पाचशेच्या क्रेडिटसाठी ती बसते असं आलं. वहिनी म्हणाल्या, अगं मग मागच्या वर्षीचं पण घेता येईल ना, दुरुस्तीचं रिटर्न भरतात ना तीन वर्षांपर्यंत. तर नाही येत. कारण या ५०० साठी मुलीला नंबर लागतो, आणि तो नंबर त्या वर्षाच्या रिटर्नच्या मुदतीपर्यंत, एक्स्टेंशन घेतलं असेल तर त्या वाढीव मुदतीपर्यंत, मिळालेला किंवा निदान त्यासाठी अर्ज केलेला असायला लागतो. त्यांनी आयटिन मागायचा डब्ल्यू-७ फॉर्म भरलाच नव्हता, कारण सांगितलंच नव्हतं कोणी. म्हणजे २०२४ चे पाचशे गेले ते गेले. पाचशे डॉलर्स म्हणजे काही जणांना किरकोळ वाटेल, पण नवीन आलेल्या, एका पगारावरच्या, भाड्याचं डिपॉझिट भरून गाडीच्या शोधात असलेल्या घराला ते किरकोळ नसतात, मला त्या वहिनींचा चेहरा बघून खरंच वाईट वाटलं.

म्हणून नवीन आलेल्यांना कळकळीने सांगते, मुलांचा आयटिन पहिल्याच रिटर्नबरोबर मागा. डब्ल्यू-७ रिटर्नला जोडून कागदी स्वरूपात आयआरएसच्या ऑस्टिनच्या ऑफिसला पाठवायचा असतो, त्या वर्षी ई-फाइल होत नाही, पुढच्या वर्षीपासून होतं. मुलाचा ओरिजिनल पासपोर्ट पोस्टाने पाठवायला जीव धजत नाही हे मला समजतं, मग आयआरएसच्या काही ऑफिसांत अपॉइंटमेंट घेऊन समोर दाखवून तपासून घेता येतो, किंवा सर्टिफाइंग अ‍ॅक्सेप्टन्स एजंट असतात ते फी घेऊन तपासून देतात आणि पासपोर्ट तुमच्या हातात परत येतो. पासपोर्टवर अमेरिकेत प्रवेशाची तारीख दिसायला हवी, नसेल तर सहा वर्षांखालच्या मुलाचे डॉक्टरचे कागद, मोठ्या मुलाचे शाळेचे कागद असं काहीतरी राहण्याचा पुरावा म्हणून जोडावं लागतं. जानेवारीच्या मध्यापासून एप्रिलअखेरपर्यंत गर्दी असते तेव्हा नऊ ते अकरा आठवडे धरून चाला. आणि आयटिन सलग तीन वर्षं कुठल्याच फेडरल रिटर्नवर वापरला नाही तर बाद होतो, मधे भारतात जाऊन आलेल्यांनी हे तपासा.

बरं, एचफोर मूल म्हणजे कायमचंच पाचशेवर असंही नाही हां. ग्रीन कार्डच्या अर्जाची आय-४८५ भरली आणि मुलाचं ईएडी (कामाच्या परवानगीचं कार्ड) आलं की लहान मुलालाही एसएसएन मिळू शकतो, त्या एसएसएनच्या कार्डवर लिहिलेलं असतं की डीएचएसच्या (होमलँड सिक्युरिटी खात्याच्या) परवानगीनेच काम चालेल, आणि ती परवानगी चालू असेपर्यंत असा नंबर या क्रेडिटला चालतो. फक्त तारीख बघा. तो नंबर रिटर्नच्या मुदतीच्या आत आलेला हवा, मुदत संपल्यावर आला तर मागच्या वर्षाचं रिटर्न दुरुस्त करून ते मोठं क्रेडिट मागता येत नाही, ज्यांचा नंबर वाटेवर आहे त्यांनी १५ एप्रिलच्या आत एक्स्टेंशनचा ४८६८ फॉर्म भरून १५ ऑक्टोबरपर्यंतची मुदत घेणं शहाणपणाचं, टॅक्स मात्र एप्रिलमध्येच भरायचा कारण एक्स्टेंशन कागदाला मिळतं, पैशाला नाही.

वयाचं पण लोक चुकीचं धरतात. सतराच्या आत म्हणजे ३१ डिसेंबरला मूल जास्तीत जास्त सोळा वर्षांचं हवं, डिसेंबरमध्ये सतरा पूर्ण झाले की त्या पूर्ण वर्षाचं मोठं क्रेडिट गेलं, महिन्यांचा हिशोब नसतो, मग ते पाचशेवाल्यात येतं. उलट ३१ डिसेंबरला रात्री जन्मलेल्या बाळाचं पूर्ण वर्षाचं क्रेडिट मिळतं, मुदतीत एसएसएन आला म्हणजे झालं.

राहण्याचा प्रश्न आपल्याकडे सगळ्यात नाजूक. आपल्यात बाळ आजीआजोबांकडे ठेवायची पद्धत आहे, आई कामाला रुजू होते, डेकेअर परवडत नाही, आजीला व्हिसा मिळत नाही, मग इथे जन्मलेलं, अमेरिकन पासपोर्टवालं बाळ सातारला किंवा नाशिकला जातं आणि आठ-नऊ महिने तिकडेच राहतं. एसएसएन आहे, सिटिझन आहे, तरी अर्ध्या वर्षापेक्षा जास्त तुमच्याबरोबर राहिलं का या प्रश्नावर गाडी अडते. शाळा, सुट्टी, औषधोपचार अशा कारणाने तात्पुरतं बाहेर असणं हे घरीच राहिल्यासारखं धरतात, त्यामुळे उन्हाळ्याच्या सुट्टीत दोन महिने मामाच्या गावाला गेलं तर काहीच प्रश्न नाही. पण वर्षभर आजीकडे ठेवलेलं बाळ तात्पुरतं बाहेर आहे असं म्हणायचं का, हे ज्याला त्याला टूलसमोर स्वतःच ठरवावं लागतं आणि माझ्या मते तिथे टूलवर न विसंबता सीपीएला (परवाना असलेल्या अकाउंटंटला) कागद दाखवून विचारावं. कारण निष्काळजीपणे चुकीचं क्रेडिट घेतलं असं आयआरएसने ठरवलं तर दोन वर्षं हे क्रेडिट घेता येत नाही, आणि जाणूनबुजून फसवलं असं ठरलं तर दहा वर्षं. टूल तुमच्या उत्तरांवर चालतं, उत्तर खरं आहे का ते बघत नाही, आणि त्याचा निकाल म्हणजे आयआरएसचा लेखी सल्लाही नाही, तसं तिथे लिहिलेलंच आहे.

आता कापलेल्या स्टारचं. हे टूल पूर्ण वर्ष सिटिझन किंवा रेसिडेंट एलियन असलेल्यांसाठीच आहे, हे सुरुवातीला दिलेलं असतं पण ते वाचून साध्या माणसाला आपण त्यात आहोत का हे कळत नाही. आणि ज्यांना सगळ्यात जास्त गरज असते ते, म्हणजे पहिल्या वर्षाचे लोक, नेमके त्यात बसत नाहीत. १ ऑगस्टला उतरलेल्या कुटुंबाचे ३१ डिसेंबरपर्यंत १५३ दिवस होतात, रेसिडेंट ठरायला हजेरीच्या हिशोबाने १८३ लागतात, त्यात चालू वर्षाचे सगळे दिवस, मागच्या वर्षाचे एक तृतीयांश आणि त्याच्या मागच्याचे एक षष्ठांश धरतात. ते भरत नसतील तर त्या वर्षी मूल नॉनरेसिडेंट ठरू शकतं आणि मग पाचशेचाही प्रश्न वेगळा होतो. मार्चमध्ये आलेल्यांचे दिवस भरतात पण वर्षाचे दोन भाग पडतात, ड्युअल स्टेटस म्हणतात ते. एफवन या विद्यार्थी व्हिसावर शिकणाऱ्यांचे तर साधारण पहिल्या पाच कॅलेंडर वर्षांचे दिवस धरतच नाहीत, त्यामुळे बायकोमुलांसह आलेल्या पीएचडीवाल्यांनी या टूलवर वेळ घालवू नये, त्यांच्यासाठी आयआरएसचं पब्लिकेशन ५१९ आहे ते वाचावं किंवा युनिव्हर्सिटीच्या इंटरनॅशनल ऑफिसकडून टॅक्सची मदत घ्यावी. माझं म्हणणं एवढंच की हा दिवसांचा हिशोब टूलनेच पहिल्या पानावर विचारून घेतला असता तर किती जणांचा घोळ वाचला असता.

दुसरी गोष्ट, पात्र आहात एवढं कळतं पण हातात किती पडणार हा हिशोब तुम्हालाच करायचाय. तो फार अवघड नाही. जॉइंट रिटर्नवर उत्पन्न ४ लाखांच्या वर गेलं, किंवा एकट्याचं २ लाखांच्या वर, की दर हजाराला ५० डॉलर्स कापतात आणि हजाराचा तुकडा असला तरी पूर्ण हजार धरतात. आमच्यासारखी दोन मुलं, एक २२०० चं आणि एक ५०० चं, म्हणजे २७००, आणि नवराबायको दोघांचं मिळून ४ लाख १२ हजार झालं तर ६०० कापून २१०० राहतात. हे सगळं शेड्यूल ८८१२ या फॉर्मवर होतं, सॉफ्टवेअर आपोआप करतं. कमी उत्पन्नवाल्यांसाठी, टॅक्स शून्य झाला तरी मोठ्या क्रेडिटमधले मुलामागे १७०० पर्यंत परत मिळू शकतात, कमाई २५०० च्या वर हवी आणि त्याच्या वरच्या रकमेच्या १५ टक्क्यांपर्यंत. पाचशेवाल्यात असं परत मिळणं नाही, तो फक्त टॅक्स कमी करतो. आणि परत मिळणारा भाग असेल तर रिटर्न जानेवारीत भरलं तरी रिफंड फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत निघत नाही, कायदाच तसा आहे.

भाषा मराठी नाही, ते अपेक्षितच आहे, पण इंग्रजी तरी सोपं आहे आणि अवघड शब्दांचे अर्थ तिथेच दिलेले असतात. माझ्या सासूबाई इथे आल्या होत्या तेव्हा त्यांनीही शेजारी बसून विचारलं की मला पण धरता का गं तुमच्यात. नाही धरता येत, पाहुण्या व्हिसावर काही महिने आलेले आईवडील भारताचेच रहिवासी राहतात, त्यांचा खर्च आपणच करत असलो तरी. हे खूप जण विचारतात म्हणून लिहिलं.

न्यू जर्सीवाल्यांनो, राज्याचं वेगळं क्रेडिट आहे आणि हे टूल त्याबद्दल काहीच सांगत नाही कारण ते फेडरलचं आहे. सहा वर्षांखालच्या मुलाला १००० पर्यंत, उत्पन्न ३० हजारांपर्यंत असेल तर पूर्ण, मग टप्प्याटप्प्याने कमी होत ८० हजारांनंतर संपतं. आणि तिथे आयटिनवालं मूलही चालतं! एका पगारावरच्या, नुकत्याच आलेल्या घरांनी हे अजिबात सोडू नये, एचफोर मूल आहे म्हणून फेडरलला पाचशेच मिळाले तरी राज्याच्या रिटर्नवर त्याच मुलाचं वेगळं मिळू शकतं.

डेकेअरच्या खर्चाचं क्रेडिट हे अजून तिसरं, त्याची प्रश्नमालिका त्याच टूलमध्ये शेजारी आहे, तीही करून बघा. तेरा वर्षांखालचं मूल, एका मुलाला ३००० आणि दोन किंवा जास्तला ६००० पर्यंतचा खर्च धरतात, २०२५ साठी त्याच्या २० ते ३५ टक्के, चांगल्या पगारवाल्यांना २० च. इथे आयटिनवालं मूल चालतं, त्यामुळे थोरल्याचंही धरता येतं. पण जॉइंटमध्ये आईवडील दोघांचीही कमाई हवी, एचफोरवर घरी असलेल्या आईच्या घराला हे मिळत नाही, ती पूर्णवेळ शिकत असेल तर शिकण्याच्या महिन्यांपुरती तिची कमाई मानून घेतात. उन्हाळ्यातला दिवसाचा कॅम्प चालतो, रात्री राहायचा कॅम्प चालत नाही. आणि डेकेअरचा ईआयएन (त्यांचा टॅक्सचा नंबर) लागतो, त्यासाठी डब्ल्यू-१० फॉर्म त्यांच्याकडे द्या आणि जानेवारीतच द्या, एप्रिलमध्ये मागायला गेलात तर रिसेप्शनवरची बाई म्हणते मॅनेजर सुट्टीवर आहे.